एवढी सुई ओवून द्या

डेपोमागच्या मैदानात भर दुपारी एवढी गर्दी लोटली होती, की बसायला सावली नाही आणि उभं राहायला जागा नाही. फळ्या ठोकून केलेल्या मंचावर पिवळ्या कफनीतला एक उंच, वाळका माणूस उभा होता आणि सूर्याकडे बघत होता. हात नाही आडवा धरला, कपाळाला आठी नाही घातली, पापणीही लववली नाही. त्याच्या दोन्ही गालांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि पुढच्या रांगेतल्या बायका ते पाणी अमृत आहे म्हणून एकमेकींना सांगत होत्या.

"बघा, बघा! पोटभर बघा!" शेजारी उभा असलेला गुटगुटीत माणूस माइकमधून ओरडत होता. हा त्या कफनीवाल्या बाबांचा मेहुणा. बाबा बोलायचे थोडं, आणि उरलेलं सगळं हा बोलायचा. "ज्या सूर्यापुढे भल्याभल्यांचे डोळे दिपतात, तिथे आपले सूर्यबाबा कसे बघतायत! आता ग्रहण येतंय. ग्रहणात सूर्याचं काय होतं? बोला! थंड होतो! रागावलेला माणूस दमला की कसा मवाळ होतो, तसा अर्धा सूर्य मवाळ होतो. राग निघून गेला की उरतं काय? औषध! निव्वळ औषध! चष्मे फेकून द्या, ऑपरेशनं विसरा. बाबांचं अंजन डोळ्यांत घाला आणि उघड्या डोळ्यांनी ग्रहण बघा. मोतीबिंदू लोण्यासारखा वितळला नाही, तर माझं नाव बदलून टाका!"

त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे बदलणं सोपंच होतं. पण हे कुणाच्या लक्षात येतंय? टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

त्या गर्दीत काकू उभ्या होत्या आणि त्यांना घाम फुटला होता. त्या शिवणकाम करायच्या. रस्त्याला लागून घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं, आणि लहानथोर सगळे त्यांना काकूच म्हणायचे. अंगात कायम एप्रन आणि एप्रनच्या छातीशी टोचलेली एक सुई. झोपतानाच काय ती निघायची. त्या स्वतःहून इथे आल्या नव्हत्या. काकांनी आणलं होतं.

काका शाळेची बस चालवायचे. आता चालवत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता आणि शाळेने सांगितलं होतं, ऑपरेशन करून या, मग स्टिअरिंग हातात घ्या. ऑपरेशन म्हटलं की काका विषयच बदलायचे. भरधाव ट्रक अंगावर आला तरी न डगमगणारा माणूस, पण डोळ्याला कुणी शस्त्र लावणार म्हटलं की पार गळून जायचा.

"अगं, दातातलं किडकं काढतात ते कळतं," ते म्हणायचे, "पण डोळ्यात सुरी? आणि मी जागा असताना? छे छे!"

काकांना भीती सुरीची आणि काकूंना भीती सूर्याची. ग्रहण लागलं की दारंखिडक्या लावून आत बसायचं, एवढंच त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आणि इथे तर सगळं मैदान त्या ग्रहणाकडे टक लावून बघायच्या गोष्टी करत होतं.

"काकू, घाबरता काय?" मागून इस्त्रीवाला म्हणाला. त्याचं दुकान काकूंच्या दुकानाला लागूनच. माणूस सोन्यासारखा, पण धीर म्हणून नाही. बस असो, नळ असो, लग्नातली पंगत असो, हा सगळ्यांच्या आधी. "मी तर पहिल्या दिवसापासून येतोय. रांगेत पुढे जागा धरून ठेवतो तुमच्यासाठी. या!"

त्याच्या कृपेने दोघं भराभर मंचापाशी पोचले. बाबा आता खाली बसले होते. त्यांनी काकूंकडे बघितलं. म्हणजे बघितलं असं वाटलं. त्यांचे डोळे काकूंच्या डोळ्यांवर नव्हतेच, ते काकूंच्या डाव्या कानाकडे लागले होते.

काकूंनी गर्रकन मागे वळून बघितलं. मागे नुसती रांग होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा माणसाचा चेहरा बघत नाहीत!" मेहुणा गरजला. "चेहरा काय, कुणाचाही असतो! बाबा खांद्यामागची सावली बघतात! या बाईच्या मागे सावली आहे, बाबांना दिसलीये!"

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबांनी चाचपडल्यासारखा हात पुढे केला, काकांची हनुवटी धरली आणि एका डबीतलं काळं अंजन त्यांच्या दोन्ही डोळ्यांत घातलं.

त्या संध्याकाळी घरात आनंदीआनंद. काका खिडकीशी उभे राहून समोरच्या पाट्या वाचत होते. औषधांचं दुकान, सायकल दुरुस्ती, पार खालची बारीक ओळसुद्धा.

"अगं, बघितलंस? महिनोन् महिने नुसतं धुकं होतं. पुसून काढलं बाबांनी!"

काकूंचेही डोळे भरून आले. त्या हसत हसत जवळ गेल्या, काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. काकांचे डोळे तपकिरी होते. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी त्या डोळ्यांवरून काकूंना चिडवून चिडवून हैराण केलं होतं. आता तो तपकिरी रंगच शिल्लक नव्हता. काठाला एक रेघ तेवढी, आणि आत सगळं काळं. कोटाच्या बटणाएवढं काळं.

"अहो, तुमचे डोळे..."

"काय झालं माझ्या डोळ्यांना? दिसतंय म्हणून सांगतोय ना!"

दिसतंय म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? पण रात्री जेवताना काका तांब्याभर पाणी प्यायले, पुन्हा तांब्याभर प्यायले, आणि घसा कोरडा पडलाय म्हणून तिसऱ्यांदा उठले, तेव्हा काकू जेवण थांबवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन-तीन दिवसांत धुकं परत आलं. काका परत अंजन घालून आले. पुन्हा पाट्या, पुन्हा ते काळे डोळे. "हा नुसता नमुना आहे," काका म्हणायचे, "खरं काम ग्रहणाच्या दिवशी."

ग्रहणाच्या आदल्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टर कोट घालून बघायला आल्या. पोरसवदा बाई, बोलायला मोकळी. त्यांचे पांढरे कोट काकूच शिवायच्या.

"काकू, उद्या हा मला हवाच हं. ग्रहण बघायचे खास चष्मे आणलेत, हॉस्पिटलच्या अंगणात लोकांना दाखवणार आहोत. आणि काकांचं काय ठरलं? कधी येताय?"

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि त्यांना रडूच फुटलं. मैदान, अंजन, वाचलेल्या पाट्या, सगळं एका दमात सांगून झालं. डॉक्टर आधी हसत ऐकत होत्या. डोळे काळे झाल्याचं ऐकलं तशी त्यांनी कोटाची बाही खाली सोडली.

"बाहुली मोठी झालीये? उजेडातसुद्धा?"

"बाहुली कसली, विहीर म्हणा!"

"आणि घसा कोरडा पडतो?"

"सारखं पाणी पितात हो. तुम्हाला कसं कळलं?"

"काकू, त्या अंजनात धोतरा आहे. दुसरं काही नाही." डॉक्टर खुर्चीवर बसल्या. "हे बघा. काकांचा मोतीबिंदू भिंगाच्या बरोबर मधोमध आहे. खिडकीच्या मध्यावर कुणी पुठ्ठा चिकटवावा ना, तसा. धोतऱ्याने बाहुली ताणली जाते, म्हणजे खिडकीच रुंद होते, आणि पुठ्ठ्याच्या कडेकडेने उजेड आत येतो. म्हणून दिसतं. पुठ्ठा आहे तिथेच आहे. औषध उतरलं की पुन्हा धुकं."

"म्हणजे बरे नाही झाले?"

"तसूभरही नाही. आणि आता ऐका, घाबरवायला नाही सांगत. बाहुली हा डोळ्याचा दरवाजा. ऊन वाढलं की तो आपोआप लहान होतो. काकांचा दरवाजा त्या लोकांनी सताड उघडा ठेवलाय, आणि उद्या त्यांना सूर्यासमोर बसवणार."

काकू म्हणाल्या, "ग्रहणाचे किरण विषारीच असतात म्हणे."

"नाही हो काकू! सूर्य रोजचाच असतो, त्याचे किरण रोजचेच. रोज आपण त्याच्याकडे बघूच शकत नाही, डोळा आपोआप मिटतो. ग्रहणात झगझगाट कमी होतो, म्हणून माणूस बघत बसतो. उरलेली कोरसुद्धा तेवढीच जाळते. भिंगाने कागद जाळतात ना पोरं? डोळ्यात भिंग आहे आणि मागे नाजूक पडदा आहे. आणि त्यातली वाईट गोष्ट अशी, की त्या पडद्याला दुखत नाही. जळतो, पण कळत नाही. संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी माणसाला कळतं, की आपण जिथे बघतो नेमकं तिथेच काही नाही."

काकूंना अस्तराचं कापड आठवलं. इस्त्री जरा जास्त तापली की टेकता क्षणी भोक. तिथे रफू होत नाही, तुकडाच बदलावा लागतो. डोळ्याचा तुकडा कुठून आणायचा?

"पण मग तो बाबा?" त्यांनी विचारलं. "तो तर रोज बघतो. त्याला कसं काही होत नाही? त्याला तर माणसामागची सावलीसुद्धा दिसते. माझ्याशी बोलताना कानाकडे बघत होता."

डॉक्टर एकदम ताठ बसल्या. "कानाकडे?"

"हो. या डाव्या."

"काकू, मागच्या ग्रहणानंतर माझ्याकडे दोघं आले होते. दोघंही माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. सरळ बघितलं तर माझ्या चेहऱ्याच्या जागी त्यांना काळा डाग दिसायचा. कडेची नजर शाबूत, म्हणून चालता येतं, गर्दीत वावरता येतं. पण मधलं गेलं. वाचता येत नाही, चेहरा ओळखता येत नाही. मी त्या बाबांना तपासलेलं नाही, पण मला वाटतं त्याला काही होत नाही असं नाही. त्याचं होऊन गेलंय."

"सगळं बकवास आहे!"

दारात काका उभे होते. कधीपासून ऐकत होते कोण जाणे.

"तुम्हाला ऑपरेशनं करायचीयत, दुसरं काय! माणूस आपोआप बरा झाला तर तुमचं दुकान कसं चालणार?"

"अहो! काय बोलताय?"

"मला दिसतंय! माझे डोळे आहेत, मला कळत नाही आणि यांना कळतं?" काका आवाज चढवून बोलत होते, पण काकूंनी त्यांचे हात बघितले. घाबरलेल्या माणसाचे हात होते ते. डॉक्टर उठल्या, जाताना काकूंच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "उद्या यांना घरात ठेवा. काहीही करा, पण ठेवा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. काका आतल्या खोलीत आडवे झाले होते. काकू मशीन दाराशी ओढून डॉक्टरांच्या कोटाला बटणं लावत बसल्या. शेवटचं बटण राहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मशीनवरचं ऊन फिकं झालंय, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं. ग्रहण लागलं होतं. त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. आत जाऊन बघतात तर गादी रिकामी आणि मागचं दार सताड उघडं.

काकू धावत सुटल्या. कोट हातात तसाच, पायात एकच चप्पल, एप्रनला सुई लटकतेय. धावता धावता डॉक्टरांना फोन केला आणि काय बोलल्या ते त्यांनाही आठवत नाही. रस्ते सुने होते, दारंखिडक्या बंद. त्या फिक्या उन्हात आपलीच सावली त्यांना परकी वाटत होती, आणि लहानपणापासूनची भीती पाठीवर येऊन बसली होती. पण आज आत बसायची सोय नव्हती.

मैदानात शेकडो माणसं रांगेने जमिनीवर बसली होती. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि अंजनाने बरबटलेले. मेहुणा माइकवर होता.

"अजून नाही! अजून नाही! घाई करणाऱ्याला गुण नाही! मी शिट्टी वाजवली की उघडायचे, आणि एकदा उघडले की पुन्हा मिटायचे नाहीत. पाणी येईल, येऊ द्या! तो मोतीबिंदूच वाहून जातोय समजा!"

काकू रांगांमधून काकांना शोधू लागल्या. एवढी तोंडं, सगळी सारखीच काळवंडलेली. त्यांनी हाक मारली, पण कर्ण्यापुढे त्यांचा आवाज कुठला टिकतोय? मेहुण्याने शिट्टी तोंडाकडे नेली. एकेकाला शोधून हलवायला वेळच नव्हता. काकू काय करतायत हे त्यांना कळायच्या आत त्या मंचावर चढल्या होत्या.

गर्दीसमोर उभं राहायची त्यांना सवय नव्हती. तोंडातून शब्द फुटेना. त्यांच्यापुढे बाबा बसले होते आणि पुन्हा त्यांच्या कानाकडे बघत होते. आणि त्या कानाकडे लागलेल्या नजरेनेच काकूंना सुचलं. दुकानात नवी मुलगी कामाला आली, की काकू तिला नावगाव विचारायच्या आधी सुई-दोरा हातात द्यायच्या. सुई ओवली की नजर कळली, हात कळला आणि स्वभावही कळला. बाकीच्या चौकशा नंतर.

त्यांनी एप्रनची सुई उपसली, तिच्यातला दोरा ओढून काढला आणि सुई-दोरा बाबांपुढे धरला.

"बाबा, एवढी सुई ओवून द्या. मी गप्प घरी जाते."

माइक मेहुण्याच्या हातात उघडाच होता, त्यामुळे हे मैदानभर गेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. बऱ्याच जणांनी मान खाली करून, डोळे किलकिले करून मंचाकडे बघितलं.

"ए बाई, खाली उतर!" मेहुणा उसळला, आणि लगेच सुरात आला. "बाबा सुया ओवत नाहीत! बाबा जीव ओवतात! जन्मजन्मांतरीचे धागे ओवतात!"

"मग हा तर साधा अठ्ठावीस नंबरचा दोरा आहे," काकू म्हणाल्या. आवाज कापत होता, पण येत होता. "ज्यांना सूर्याच्या पोटातलं दिसतं, त्यांना सुईचं नेढं दिसायला काय हरकत आहे?"

"ओवा की बाबा!" पहिल्या रांगेतून इस्त्रीवाला ओरडला. त्याला बाबांचा चमत्कार बघायचा होता, दुसरं काही नाही. "दोन सेकंदांचं काम! माझ्या तर डोळ्यांपुढे आत्तापासूनच निळं-पिवळं तेज नाचतंय! ओवा, बघू दे यांना!"

"ओवा! ओवा!" मागूनही आवाज उठला.

बाबांनी हात पुढे केला. काकूंनी सुई त्यांच्या चिमटीत आणि दोरा दुसऱ्या हातात दिला, तेव्हा त्यांची बोटं थंडगार लागली. बाबांनी सुई समोर धरली. मग जरा डावीकडे नेली. मग मान वाकडी केली आणि सुईच्या वरून, भलतीकडेच बघू लागले. दोरा सुईच्या आसपासही पोचला नाही. त्यांनी सुई लांब धरली, जवळ आणली, पुन्हा मान वाकडी केली. बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब कफनीवर पडला.

"बस झालं!" मेहुण्याने शिट्टी तोंडात धरली. काकूंनी ती हिसकावली. कुठून एवढं बळ आलं देव जाणे, पण हिसकावली आणि खाली फेकून दिली.

"नाही दिसत," बाबा म्हणाले.

ते एवढ्या हळू बोलले की माइक जवळ नसता तर कुणाला ऐकूही गेलं नसतं.

"सुई दिसत नाही. तुझं तोंडही दिसत नाही बाई. कुणाचंच दिसत नाही. मिसरूड फुटायच्या आधी एकदा ग्रहण बघितलं, असंच, कुणीतरी सांगितलं म्हणून. तेव्हापासून मधोमध काही नाही. मधोमध अंधार आहे."

काकूंना त्याची कीव आली आणि त्याच वेळी डोक्यात तिडीक गेली. "तुमचे गेले," त्या म्हणाल्या, "मग आमचे का मागता?"

बाबा त्यांच्या कानाकडे बघत राहिले. काकूंनी त्यांच्या बोटांतून सुई काढून घेतली आणि एप्रनला टोचली.

"खाली बघा!" काकू माइककडे वळून किंचाळल्या. "सगळे खाली बघा! वर बघू नका! अहो, तुम्ही कुठे आहात? खाली बघा हो!"

मैदानात एकच गोंधळ उडाला. कुणी पदराने, कुणी बाहीने अंजन पुसतंय, कुणी पोराचं डोकं मांडीत दाबतंय. चौथ्या रांगेतून काका उठले, गुडघ्यांवर हात टेकत, मान खाली घालून. काकूंनी उडीच मारली आणि त्यांचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. "बघितलंत? बघितलंत का तुम्ही?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

तेवढ्यात डॉक्टर पोचल्या. त्यांनी मंचावर जाऊन सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं, धोतरा काय करतो, दिसल्यासारखं का वाटतं, सूर्य डोळ्यात काय जाळतो आणि ते दुखत का नाही. मेहुणा तोवर अंजनाच्या डब्या खोक्यात भरून निसटायच्या बेतात होता. त्याला डेपोतल्या कामगारांनी फाटकाशी अडवलं आणि पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

"म्हणजे ग्रहण बघायचंच नाही?" एका मुलीने विचारलं. आवाज रडवेला होता.

"बघायचं ना!" डॉक्टर म्हणाल्या. "पण आज अंजन घातलेल्यांनी चष्म्यातूनही नको. काकू, तो कोट आणि सुई द्या."

खोक्याचं झाकण फाडून काकूंनी पुठ्ठ्याला मधोमध सुईने एक भोक पाडलं. काकांनी कोट पसरून धरला. डॉक्टरांनी सगळ्यांना सूर्याकडे पाठ करायला लावली आणि पुठ्ठा उंच धरला. पांढऱ्या कोटाच्या पाठीवर, पुठ्ठ्याच्या सावलीत, नखाच्या चंद्रकोरीएवढा सूर्य उमटला. एका बाजूने खाल्लेला, लहानसा, लखलखीत.

काकूंनी जन्मात पहिल्यांदा ग्रहण बघितलं. मग त्यांनी भराभर आणखी भोकं पाडली, तेवढे सूर्य कोटावर उमटले, आणि पोरं ते बोटांनी पकडायला लागली.

पण भीती संपली नव्हती. काकांनी मंचाकडे मान वळवण्याआधी एकदा वर डोळे किलकिले केले होते, ते त्यांनी डॉक्टरांपाशी कबूल केलं. डॉक्टरांनी तपासलं. आज सगळं ठीक वाटतंय, म्हणाल्या, पण उद्या सकाळी एकेक डोळा झाकून स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फरश्यांकडे बघा. मधली एखादी फरशी गायब झाली किंवा रेघ वाकडी दिसली, तर तडक या.

सकाळी काकूंनी काकांना भिंतीसमोर उभं केलं. फरश्या धुक्यातल्यासारख्या दिसत होत्या, मोतीबिंदू होताच.

"मधली दिसते?"

"दिसते."

"नीट बघा. रेघ?"

"सरळ आहे गं. धुरकट आहे, पण सरळ आहे." काका भिंतीला टेकून खाली बसले. "त्या डॉक्टरला सांग, तारीख दे म्हणावं. मी भुलीच्या आधीच बेशुद्ध पडेन, पण येतो."

काकू रडत रडत हसत होत्या, एवढ्यात दुकानाच्या दारात इस्त्रीवाला आला. हातात काकूंच्याच कपड्यांचा गठ्ठा. एरवी पायरी चढायच्या आधीच बडबड सुरू करणारा माणूस, आज चौकटीला धरून उभा होता.

"काकू, तो बाबा ढोंगी निघाला, नाही?" तो म्हणाला. "मी म्हटलं, शिट्टी होईल तेव्हा सगळेच बघतील, आपण जरा आधी बघून घ्यावं. मी कधीचा बघत होतो. काही दुखलं-खुपलं नाही हो. पण सकाळपासून हे शर्ट... इस्त्री ठेवली की सुरकुती गायब, बटण गायब..."

काकू त्याच्याकडे बघत होत्या. तो काकूंशी बोलत होता आणि काकूंच्या डाव्या कानाकडे बघत होता.

काकूंचा हात एप्रनच्या सुईकडे गेला, आणि तसाच खाली आला. ती सुई त्याच्या हातात द्यायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाल्या, काहींची नजर काही महिन्यांनी थोडीफार परत येते, काहींची येत नाही. वाट बघायची. त्याची थोडी आली. सगळी नाही आली.

काकांचं ऑपरेशन चहा निवायच्या आत आटोपलं आणि ते पुन्हा बस चालवतायत. आता वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगायचं आहे. ग्रहणात सूर्य बिघडत नाही आणि सुधारतही नाही. लपून बसू नका, बघा. पण उघड्या डोळ्यांनी नको, काळ्या गॉगलमधून नको, एक्स-रेच्या फिल्ममधून नको, पाण्यातल्या प्रतिबिंबातही नको. ग्रहणासाठी बनवलेला खात्रीचा चष्मा आणा, त्यावर चरा नाही ना ते बघा. नाहीतर पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि पांढऱ्या कापडावर उमटलेला सूर्य बघा. आणि कुणी चमत्कार दाखवायला आला, तर डोळे मिटून त्याच्यापुढे बसू नका. त्याला काहीतरी साधं, रोजचं काम करून दाखवायला सांगा.

त्या रस्त्यावर आता कुणी हवेतून राख काढणारा येवो, गुप्तधन दाखवणारा येवो, नाहीतर हात फिरवून दुखणं घालवणारा येवो, पहिली हाक इस्त्रीवाल्याच्या दुकानातून येते. "ओ महाराज, ते सगळं मागाहून. आधी सुई ओवून दाखवा!" तो हसत नाही. त्या माणसाच्या कानाकडे बघत तो हे म्हणतो.